पडद्याआडची नऊ मुलं

प्रिय बुटके,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि मग उघडावं की नाही या विचारात समोरचा चहा गार करशील. कर. पण पाकीट फाडून टाकू नकोस. आत पत्राबरोबर आणखी एक कागद आहे, तो नंतर बघ, आधी हे वाच. मी तुझी थोरली आहे, तेव्हा एवढा एक हुकूम सोडायचा हक्क मला अजून असावा असं धरून चालते. आणि ‘बुटके’ म्हटल्याचा राग आला असेल, तर लक्षात घे, तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस तेव्हाही मी ते नाव बदललं नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर तर मुळीच बदलणार नाही.

इकडची खबरबात सांगायची तर तुझ्या भावजींचा डावा गुडघा कुरकुरतो आणि ते त्याच्याहून जास्त कुरकुरतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून त्यांच्याबरोबर सकाळी मीही निघते. अर्ध्या वाटेवर ते बाकावर बसतात आणि उरलेलं चालणं माझ्यावर सोपवतात. तुझी भाची दर रविवारी फोन करते. आधी विचारते, “मावशीशी बोललीस का?” आणि मग विचारते, “जेवलीस का?” पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. सहा वर्षं झाली, पोरगी कंटाळत नाही. हट्ट तुझ्याकडून उचललाय तिने, माझ्याकडून नाही.

या सोमवारी आमच्या जुन्या ऑफिसात गेले होते. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं, त्याशिवाय सरकारचा विश्वास बसत नाही. माझ्या टेबलावर आता एक तरुण साहेब बसतो. हुशार आहे, बोलघेवडा आहे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. त्याने चहा मागवला आणि कौतुकाने सांगायला लागला, की शाळेआधीच्या सकाळच्या खोल्यांना सरकार पुन्हा अनुदान देणार आहे. अर्जांचा ढीग पडलाय आणि शुक्रवारी दुपारी बाराला छाननी संपते. मग म्हणाला, “बाई, तुमच्या काळातलं एक प्रकरण दाखवतो, मजा बघा.” अर्जात एक रकाना होता, ‘केंद्र पूर्वी बंद झालं असल्यास त्याचं कारण.’ लोकांनी तिथे अर्धं अर्धं पान गाऱ्हाणी लिहिली आहेत म्हणे. या अर्जात मात्र तीनच शब्द होते. ‘मुलं झोपली होती.’

तो इतका हसला, की बशीत चहा सांडला. “हे काय उत्तर झालं? मुलं झोपली म्हणून कुणी केंद्र बंद करतं का?” मी ते अक्षर बघत होते. तुझा तो ‘झ’, शेपूट खाली ओढलेला, शाळेत बाईंनी त्यासाठी छडी मारली तरी तू न बदललेला. आणि खोटं कशाला सांगू, त्याच्याबरोबर मीही हसले. तोंडावर हसू आणलं आणि चहा संपवला. तू माझं नाव घातलं नव्हतंस. माझ्याविरुद्ध लिहायला ती जागा सरकारने आयती दिली होती आणि तू तिथे जे खरं ते लिहिलंस, बस. साहेबाने शेरा दाखवला, नामंजूर. कारण जुन्या तपासणी अहवालात लिहिलंय, ‘मुलांचा प्रतिसाद अपुरा,’ आणि असा शेरा असला, की दहा वर्षं पुन्हा अनुदान नाही. त्या अहवालाखाली सही माझी. साहेबाने ती वाचली नसावी. आमच्याकडे सह्या कुणी वाचत नाही, फक्त आहे की नाही ते बघतात. तो आणखी एक गोष्ट म्हणाला, ती शेवटी सांगते. आत्ता सांगितली तर बाकीचं लिहायचं धैर्य उरणार नाही.

तुला शाळेच्या त्या पायऱ्या आठवतात का? तुला कशा आठवणार म्हणा, तू तर घोरत असायचीस. आईची पाळी सहाला सुरू व्हायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात उशीर झाला, की मुकादम दारच लावून घ्यायचा, म्हणून ती आपल्याला साडेपाचला उठवून, तोंडं पुसून, शाळेच्या बंद दारासमोर बसवून जायची. तू चार वर्षांची, मी नऊची. शाळा उघडायची आठला. आई जाताना रोज तेच सांगायची, “हिला घंटेपर्यंत उठवू नकोस, दिवसभर किरकिर करते.” मग तू माझ्या मांडीवर डोकं टाकायचीस आणि मी हलायची नाही. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही जायच्या आणि पाय लाकडाचा व्हायचा. थंडीत मी माझे मोजे काढून तुझ्या हातांत घालायची. दगड टोचायचा, कुत्रं येऊन हुंगून जायचं, पण दोन वर्षांत मी तुला एकदाही घंटेआधी उठवलं नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चोख काम तेवढंच असेल, असं हल्ली वाटतं.

तू ती सकाळची खोली सुरू केलीस तेव्हा मला म्हणाली होतीस, “ताई, मला पायऱ्यांना दार लावायचंय.” मी मनातल्या मनात म्हटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. तू ते अकरा वर्षं चालवलंस. त्याच शाळेची मागची खोली, साडेपाचला कुलूप उघडायचं, शेगडी पेटवायची, दूध तापवायचं. बसचालकांची, सफाईवाल्यांची, पावभट्टीवाल्यांची, नर्सबाईंची मुलं यायची. कुणी आईच्या खांद्यावर, कुणी पायांवर उभं राहून झोपलेलं. सरकारच्या अनुदानातून दूध यायचं, शेगडीचं जळण यायचं आणि मदतनीस मावशी यायच्या. बाकी सगळं तू. खोलीच्या मधोमध तू जुन्या चादरींचा पडदा शिवून टांगला होतास. पुढे दिवा, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. मागे अंधार आणि गाद्या. ज्याला खेळायचंय तो पुढे, ज्याची झोप राहिलीय तो मागे आणि साडेसातला दूध घेऊन सगळ्यांना उठवायचं, त्याआधी नाही. तो तुझा एकच नियम होता. मुलांची नावं तू काय काय ठेवली होतीस! सगळ्यांआधी जागं होऊन टुकटुक बघणारी ती घुबड, आणि कुठेही ठेवलं तरी तसंच पडून राहणारं ते पोतं. घुबड आता मोठी झाली असेल.

आता माझं काम काय होतं, ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. अशा खोल्या तपासायच्या. सकाळी सातच्या ठोक्याला जाऊन मुलं मोजायची. पंधरा असली तर अनुदान चालू, कमी असली तर बंद. कुठल्या तरी टेबलावर बसून कुणी तरी सातची वेळ आणि पंधराचा आकडा ठरवला होता. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक. तेवीस वर्षांत मी एक युक्ती शिकले होते. आत गेल्यावर आधी मुलं मोजायची नाहीत, दाराजवळच्या खुंट्यांवरची दप्तरं मोजायची. कारण तपासणीच्या दिवशी काही जण शेजारपाजारची मुलं उसनी आणून बसवतात आणि उसन्या मुलांकडे दप्तर नसतं. दप्तर खोटं बोलत नाही. नव्या लोकांना मी हे शिकवायची आणि ते माझ्याकडे आदराने बघायचे. मला आवडायचं ते.

त्या वर्षी तुझ्या खोलीवर ज्यांना पाठवायचं ठरलं होतं, त्यांना आम्ही कात्री म्हणायचो. गेल्या ठिकाणी काहीतरी कापूनच परत यायचे. मी धास्तावले. त्यांच्या हातातला कागद मी मागून घेतला. म्हटलं, त्या बाजूला मला दुसरं काम आहे, जाता जाता बघून येते. त्या कागदावर वरच एक ओळ असते, ‘तपासणाऱ्याचं केंद्रचालकाशी नातं आहे का?’ आपली आडनावं वेगळी, ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी ‘नाही’ लिहिलं. बुटके, तुझी शपथ, मी तुला वाचवायला निघाले होते. ते ‘नाही’ मी तुझ्यासाठी लिहिलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते कसं, तेच सांगायचंय.

ऐन वेळी तेव्हाच्या साहेबांनी माझ्याबरोबर एक कारकून दिला. नवा, वहीत सगळं टिपून घेणारा. तुला आठवत असेल, तो दारातच उभा राहिला होता. मी आत आले आणि सवयीने खुंट्यांकडे बघितलं. वीस दप्तरं होती. एक लाल, कडेला शिवलेलं. एकावर चिखल. मी निश्चिंत झाले. मग पुढे पाहिलं, तर ठोकळ्यांशी अकराच मुलं. मी मोठ्याने म्हटलं, “बाकीची कुठे आहेत?” आणि तू ओठांवर बोट ठेवलंस. “हळू. झोपलीत. पडदा सार आणि बघ.” मी पडदा सारला. नऊ मुलं होती. मी मोजली, ती संख्या मला पक्की आठवते. एकीने हातांत मोजे घातले होते.

तेवढ्यात मागून कारकून म्हणाला, “मॅडम, झोपलेली धरायची का?” नियमात ‘उपस्थित’ एवढंच लिहिलेलं होतं. जागं की झोपलेलं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. धरायची, असं म्हटलं असतं, की विषय संपला असता. पण तू माझ्याशी एकेरीत बोलली होतीस आणि तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, याला कळलं. आता हा ऑफिसात सांगणार, बाईंनी बहिणीचं घोडं पुढे दामटलं. मी आवाज कडक केला आणि म्हटलं, “त्यांना उठवा. दोन मिनिटं पुढे बसवा, मग मोजते.” तू म्हणालीस, “ती साडेचारला उठलीत. झोपलेलीच मोज.” मी म्हटलं, “तसं चालत नाही.” तू म्हणालीस, “मग नको मोजू.” आणि पडदा ओढून घेतलास.

मला राग आला. एवढी साधी गोष्ट आहे ती. सहा वर्षं मी तिला निरनिराळी नावं दिली, नियम, कर्तव्य, निःपक्षपात, पण तो नुसता राग होता. कारकुनासमोर धाकटीने मला गप्प केलं याचा राग आणि तू माझ्यापेक्षा बरी आहेस हे तिथे उभ्या उभ्या दिसलं त्याचाही. मी ‘अकरा’ लिहिलं. खाली ‘प्रतिसाद अपुरा’ लिहिलं. आणि आज हेही सांगते, त्याच महिन्यात आणखी तीन ठिकाणी मी बारा-तेरा मुलांना पंधरा धरलं होतं. परक्यांसाठी माझा हात सैल होता. तू सख्खी होतीस म्हणून आवळला. कात्री गेले असते, तर कदाचित त्यांनीही वीसच लिहिली असती.

तू भांडशील असं मला वाटलं होतं. भांडली असतीस तर बरं झालं असतं, लहानपणी तू केस ओढायचीस आणि दहा मिनिटांत सगळं मिटायचं. तू अहवाल वाचलास, माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, “मॅडम, सही कुठे करू?” मी बोटाने जागा दाखवली. तेव्हापासून तू मला ताई म्हटलेलं नाहीस. म्हणजे काहीच म्हटलेलं नाहीस, नावाशिवायच बोललीस, तेही औषधांपुरतं.

औषधं म्हणजे आईची. ती शेवटची आजारी होती, तेव्हा आपण दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसायचो. एका दुपारी तिने तुला विचारलं, “तुझी खोली कशी चाललीय गं?” तोवर खोलीला कुलूप लागून वर्ष झालं होतं. तू म्हणालीस, “छान चाललीय, आई.” ती म्हणाली, “पोरं झोपतात ना नीट?” तू म्हणालीस, “झोपतात.” आणि मी चादरीची सुरकुती काढत बसले. तू तिला माझ्याबद्दल सांगू शकली असतीस. मी बाहेर जाऊन रडले आणि आत येताना तोंड धुऊन आले, कारण तुला दाखवायचं नव्हतं. किती मूर्ख असतो माणूस. तुला दाखवायला हवं होतं.

बंद झाल्यावर तू दोन वर्षं थर्मासमध्ये दूध घेऊन त्याच पायऱ्यांवर मुलांबरोबर बसत होतीस, हे मला फार उशिरा कळलं. शाळेच्या पहारेकऱ्याने सांगितलं. मग मुख्याध्यापिकाबाईंनी हरकत घेतली, जबाबदारी कुणाची वगैरे, आणि तू त्या झेरॉक्सच्या दुकानात लागलीस. त्याची माझी गाठ कशी पडली, तर चालताना. भावजी बाकावर बसले, की मी पुढे जाते आणि पाय आपसूक शाळेकडे वळतात. सोमवारी ऑफिसातून आले आणि मंगळवारी सकाळी तिथे गेले. सव्वासहा झाले होते. पायरीवर तीन मुलं होती. एक पोरगा डबा उघडून बसला होता. एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, आणि तिच्या मांडीवर एक चिमुरडी झोपलेली. मी म्हटलं, “बाळ, पाय अवघडला असेल, दे माझ्याकडे.” तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी तिथून हलले, ते घरी येईपर्यंत कुठेच थांबले नाही. भावजी बाकावर तसेच राहिले बिचारे, नंतर एकटे लंगडत आले.

आता तो दुसरा कागद. साहेब त्या दिवशी हसता हसता म्हणाला होता, “जुना अहवाल एकाच कारणाने रद्द होतो, तपासणारा आणि केंद्र चालवणारा नात्यातले निघाले तर. पण असं कोण कबूल करणार?” मंगळवारी घरी आले आणि लिहिलं. सात वाजता तिथे वीस मुलं होती. नऊ झोपलेली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि दप्तरंही मोजली होती. तरी अकरा लिहिली. केंद्रचालक माझी सख्खी धाकटी बहीण आहे, हे मी लपवलं. बुधवारी जाऊन साहेबाला दाखवलं. या वेळी तो हसला नाही. चष्मा काढून म्हणाला, “बाई, चौकशी लागेल. पेन्शन अडकेल तुमची.” मी म्हटलं, जिवंत असल्याचं परवाच लिहून दिलंय, चौकशीला हजर राहीन. भावजींना सांगितलं, ते म्हणाले, “सहा वर्षं उशीर केलास,” आणि गुडघ्याला तेल लावत बसले. मग साहेबाने दिलेल्या छापील नमुन्यावर तेच उतरवलं, पण एकट्या माझ्या सहीने भागत नाही. खाली एक छापील ओळ आहे, ‘वरील नातं मला मान्य आहे.’ तिच्यापुढे तुझी सही लागते. ती ओळ लिहिणाऱ्याला तुझी-माझी काही माहिती नव्हती. डाकेला आता वेळ नाही, म्हणून हे पत्र पहारेकऱ्याच्या हाती पाठवतेय. शुक्रवारी बाराच्या आत तो कागद साहेबाकडे पोचला, तर तुझा अर्ज पुन्हा उघडेल. माझ्यासाठी करू नकोस. मला माफ कर असं म्हणायलाही हे लिहिलेलं नाही, ते तुझ्या सवडीने, किंवा नको. पायरीवरच्या त्या मुलीचा पाय अवघडतो, तिच्यासाठी कर. त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, सही कुठे करू. आज विचारावं लागू नये, म्हणून त्या ओळीपुढे मी पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवली आहे.

तुझीच,
ताई